नाजूक हस्ताक्षरी फॉन्ट: कुठं शोभतो, कुठं अडवतो

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरात लग्न होतं आणि पत्रिका मी मांडली होती. पत्रिका, निमंत्रणं, छोट्या दुकानांच्या पाट्या यांची अक्षरं मांडणं हेच माझं काम. घरची पत्रिका म्हणून जीव जरा जास्तच लावला. नवरा-नवरीची नावं केसासारख्या बारीक, वळणदार हस्ताक्षरी फॉन्टमध्ये घेतली. ती इतकी छान उठून दिसली की मोह आवरला नाही. तारीख, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, सगळं त्याच अक्षरात लावून टाकलं. पत्रिका वाटून झाल्यावर आत्याचा फोन आला. "अगं, तारीख ११ आहे का १९? वार वाचला, मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, तेव्हा उलगडा झाला."

मी पत्रिका उचलून उजेडात धरली. ९ हा आकडा १ पासून वेगळा कळतो तो डावीकडच्या एका छोट्या वळणामुळे. संगणकाच्या पडद्यावर ते वळण व्यवस्थित दिसत होतं. कागदावर मात्र ती रेघ इतकी बारीक झाली की शाई तिथं धरलीच नव्हती. १९ तारखेची चक्क ११ झाली होती.

अशी अक्षरं आज सगळीकडे आहेत. पत्रिका, केकचे खोके, साड्यांची लेबलं, सौंदर्यप्रसाधनं, प्रमाणपत्रांवरची नावं. ती निवडणाऱ्याला ती आवडलेली असतात, पण ती तशी का दिसतात आणि कुठं दगा देतात हे बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख.

आधी नावाचा घोळ मिटवू. स्क्रिप्ट म्हणजे लिपी, हा अर्थ आपल्याला ठाऊक असतो. छपाईच्या धंद्यात 'स्क्रिप्ट फॉन्ट' म्हणजे हातानं सलग लिहिल्यासारखं दिसणारं अक्षर. त्यातही तीन घराणी सहज ओळखू येतात. एक टोकदार निबेचं, जिथं रेघ कधी जाड तर कधी केसाएवढी होते. दुसरं कुंचल्याचं, फटकाऱ्याचं. तिसरं बॉलपेननं लिहिल्यासारखं, ज्यात रेघेची जाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच राहते. आपण 'नाजूक' म्हणतो ती अक्षरं बहुतेक पहिल्या घराण्यातली, आणि हल्ली तिसऱ्यातलीही.

नाजूकपणा नुसत्या बारीक रेघेनं येत नाही. रोमनमध्ये लहान 'ए', 'एन' ही अक्षरं ठेंगणी ठेवतात आणि 'एल', 'एच' यांच्या दांड्या उंच नेतात. त्यामुळे शब्दाचा मधला भाग लहान दिसतो आणि वरखाली भरपूर हवा खेळते. अक्षर उजवीकडे कललेलं असतं. पहिल्या आणि शेवटच्या अक्षराला लांब शेपूट किंवा वेटोळं असतं. या सगळ्यातून संथपणे, निवांत बसून लिहिल्याचा भास होतो. त्याच कारणामुळे ही अक्षरं लहान आकारात वाचवत नाहीत. पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप. दहा पॉइंटाच्या अशा फॉन्टमधला ठेंगणा 'ए' प्रत्यक्षात इतर फॉन्टच्या सहा पॉइंटाएवढाच भरतो.

निब, तांबं आणि शिसं

जाड-बारीक रेघेचं हे वळण मुळात लेखणीच्या रचनेतून आलं. टोकदार, लवचीक निबेला मधोमध चीर असते. हात खाली ओढताना दाब दिला की चिरेच्या दोन पात्या फाकतात आणि रेघ जाड होते. वर नेताना दाब सोडला की पात्या मिटतात आणि केसासारखी रेघ उमटते. अक्षराचं सगळं सौंदर्य या दाबण्या-सोडण्याच्या लयीत आहे. इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकात व्यापारी पेढ्यांमध्ये हे वळण रुळलं, त्याला राउंडहँड म्हणतात. जॉर्ज बिकहम नावाच्या कोरक्यानं लंडनच्या लेखनशिक्षकांचे नमुने तांब्याच्या पत्र्यावर कोरून १७३३ ते १७४१ या काळात भागाभागानं छापले. तांब्यावर कोरलेलं म्हणून या वळणाला कॉपरप्लेट हे नाव पडलं. युरोपातली निमंत्रणं आणि भेटकार्डं अशीच पत्र्यावरून छापली जात. आज आपल्याकडच्या इंग्रजी पत्रिकेवर वधूवरांची नावं याच वळणात येतात, त्याचं मूळ या तांब्याच्या पत्र्यात आहे. हे वळण दिसलं की समारंभ आठवावा, इतकी ती सवय जुनी आहे.

पत्र्यावर कोरणं सोपं होतं, कारण कोरणारा रेघ हवी तशी वळवू शकत होता. शिशाच्या खिळ्यांवर मात्र हे वळण आणणं फार अवघड होतं. खिळा म्हणजे चौकोनी ठोकळा, आणि हे अक्षर कललेलं. कललेल्या अक्षराचा माथा शेजारच्या ठोकळ्यावर झुकतो. तेवढा भाग अधांतरी राहतो आणि छापताना दाब आला की तुटतो. शिवाय प्रत्येक अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराला बरोबर त्याच उंचीवर भेटायला हवी. खिळे थोडे झिजले की सांध्यावर फट दिसू लागायची. एखादा जुळारी दिवसभर खिळे जुळवून असं एक निमंत्रण लावत असेल, तर त्यात चिकाटी किती लागत असेल!

विसाव्या शतकात फोटोवरून अक्षरजुळणी सुरू झाली आणि ठोकळा गेला. मॅथ्यू कार्टर या अक्षररचनाकारानं १९६६च्या सुमारास लिनोटाइप या अक्षरजुळणीच्या कंपनीसाठी स्नेल राउंडहँड हा फॉन्ट केला. सतराव्या शतकातल्या चार्ल्स स्नेल या लेखनशिक्षकाच्या वळणावर तो बेतलेला आहे, आणि त्यातली अक्षरं खरोखर एकमेकांना जोडलेली दिसतात. फोटोजुळणीत एक अक्षर दुसऱ्यावर चढवता येत होतं, म्हणूनच ते जमलं.

मग संगणक आला. फॉन्ट म्हणजे आता एक फाइल. तिच्यात प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा गणिती वक्रांनी साठवलेली असते, आणि त्या अक्षरानं किती रुंदी व्यापायची, शेजाऱ्याशी किती अंतर ठेवायचं हेही लिहिलेलं असतं. तरी एक अडचण उरलीच. माणूस 'मामा' लिहितो तेव्हा दोन्ही 'म' हुबेहूब सारखे कधीच येत नाहीत. फॉन्टमध्ये ते अगदी तंतोतंत सारखे येतात. डोळ्याला ते लगेच जाणवतं आणि हस्ताक्षराचा भास विरतो.

यावरचा उपाय १९९६मध्ये जाहीर झालेल्या ओपनटाइप या पद्धतीत मिळाला. मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी ती मिळून आणली. यात एकाच अक्षराची अनेक रूपं फॉन्टमध्ये ठेवता येतात, आणि कोणतं रूप कधी वापरायचं याचे नियमही फॉन्टच्या पोटातच लिहिता येतात. अक्षर शब्दाच्या सुरुवातीला असेल तर वेटोळ्याचं रूप घ्यावं, शेवटी असेल तर लांब शेपटीचं, तेच अक्षर लागोपाठ आलं तर दुसऱ्यांदा वेगळं. हेर्मान झाप्फ या जर्मन सुलेखनकारानं १९९८मध्ये झापफिनो हा फॉन्ट आणला. त्यात एकेका अक्षराची कितीतरी रूपं आहेत. चांगल्या आणि सुमार हस्ताक्षरी फॉन्टमधला फरक बहुतेक वेळा इथंच असतो. सुमार फॉन्टमध्ये एका अक्षराला एकच रूप असतं, आणि दोन ओळी लिहिल्या की ते उघडं पडतं.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ही जादा रूपं फॉन्टमध्ये असली तरी सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये ती आपोआप दिसत नाहीत. मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये ओपनटाइपचा मेनू उघडून ती चालू करावी लागतात. फॉन्ट विकत घेतला आणि जाहिरातीतल्यासारखा दिसत नाही, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांची अर्धी कामं त्या एका खुणेवर बोट दाबलं की होतात.

देवनागरीचा सांधा वर असतो

इथपर्यंत सगळं रोमनचं झालं. मराठी पत्रिका करायला बसलो की प्रश्न वेगळा होतो, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

रोमन हस्ताक्षरात अक्षरं खालच्या बाजूला जोडली जातात. एका अक्षराची शेपटी वर चढून पुढच्याला भिडते. देवनागरीत सांधा वर आहे, शिरोरेषेत. अक्षरं दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी रेषेला लटकलेली असतात. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा आपल्या रुंदीच्या किंचित बाहेर काढलेली असते. ती शेजाऱ्याच्या रेषेवर चढते आणि रेष अखंड दिसते. रेष केसासारखी बारीक असेल तर हा सांधा अर्ध्या केसानं चुकला तरी तिथं गाठ किंवा फट दिसते.

शिवाय लेखणी वेगळी. आपलं जुनं अक्षर बोरूचं. बोरूला काट देतात, म्हणजे टोक तिरकं छाटतात. रेघेची जाडी दाबानं ठरत नाही, बोरू कोणत्या दिशेनं चालला यावरून ठरते. त्यामुळे देवनागरीत जाड-बारीक जिथं पडतं ते कॉपरप्लेटपेक्षा निराळं. कॉपरप्लेटची जाड-बारीक रेघ जशीच्या तशी उचलून देवनागरीवर चढवली की अक्षर देखणं दिसतं, पण परकं वाटतं. एखाद्या 'क'चा दांडा जाड आणि दोन्ही बाजूंची वळणं धाग्याएवढी, असं काहीतरी होतं. वाचणाऱ्याला चूक नेमकी सांगता येत नाही, पण आपल्या हातचं हे नाही, इतकं कळतं.

आपल्या हातचं सलग, धावतं अक्षर कुठलं? ते आपल्याकडे होतंच. मोडी. बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, हे ग्रंथाचं, सावकाश लिहायचं अक्षर, तर मोडी हे दफ्तराचं आणि पत्राचं. मोडी लिहिताना कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिरोरेषा आधीच ओढून घेत आणि मग हात फारसा न उचलता अक्षरं तिच्यात गुंफत जात. शब्दांमध्ये जागा सुटत नसे. ऱ्हस्व-दीर्घ इकाराला वेगळ्या खुणा नसत, उकाराचंही तसंच. सगळा भर वेगावर. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारात होती. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, ती २०१४ साली आली, त्यामुळे आता संगणकावर लिहिताही येते.

मला वाटतं, मराठीसाठी नाजूक हस्ताक्षरी फॉन्ट करायचा तर त्याची प्रेरणा मोडीच्या गोलाईत आणि बोरूच्या काटेत शोधायला हवी. हे काम कुणी केलंच नाही असं नाही. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिचा ओघ देवनागरीत आणला, आणि तो पाहिल्यावर मराठी अक्षर धावतं तेव्हा कसं दिसतं हे डोळ्यांना समजतं. त्यांच्या आधी सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी सुलेखन आणि संगणक यांची सांगड घातली. विंडोजमधला मंगल हा देवनागरी फॉन्ट त्यांचाच. तो हस्ताक्षरी नाही, पण हातात बोरू असलेल्या माणसानं संगणकासाठी अक्षर काढलं, याचं ते उदाहरण आहे.

समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिला आहे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसावं, असा त्यांचा आग्रह. मला हे वाचताना नेहमी वाटतं की फॉन्ट करणाऱ्यानं यातून एक बारकावा घ्यावा. रेघेचं वजन, उंची, अंतर एकसारखं हवं. आकार मात्र छापाच्या ठशासारखा तोच तो नको.

आता देवनागरीतल्या मोहांबद्दल. पहिला मोह अक्षर उजवीकडे कलतं करण्याचा. रोमन हस्ताक्षर कलतं, म्हणून आपलंही कलवायचं. थोडा कल शोभतो. जास्त कललं की काना आणि वेलांटीची दांडी पडायला आल्यासारखी दिसते, आणि रफार कोणत्या अक्षरावर आहे हे कळेनासं होतं.

दुसरा मोह शिरोरेषा काढून टाकण्याचा किंवा तिची लाट करण्याचा. घाईनं चिठ्ठी लिहिताना आपण सगळेच रेष गाळतो, तेव्हा त्यात अनैसर्गिक काही नाही. पण 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' या जोड्या आठवून पाहा. 'ध', 'भ', 'थ' यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते आणि सुरुवातीला छोटी गाठ असते. रेष गेली आणि गाठ बारीक झाली की फरक ओळखायला काहीच उरत नाही. पत्रिकेवर भोसल्यांचे मोसले होतात, थोरातांचे योरात. आडनावाच्या बाबतीत संदर्भावरून अंदाज बांधणंही कठीण, कारण आडनाव काहीही असू शकतं. 'ख'चंही तसंच. त्याचे दोन भाग खाली जोडलेले नसले तर 'रव' वाचलं जातं.

तिसरी गोष्ट मोहाची नाही, कष्टाची आहे. रोमन फॉन्टला दोन-अडीचशे आकृत्यांत काम भागवता येतं. देवनागरीला मूळ अक्षरं, काना-मात्रा, अर्धी रूपं आणि जोडाक्षरं धरून आकडा शेकड्यांमध्ये, कधी हजाराच्या घरात जातो. हस्ताक्षरी फॉन्टमध्ये प्रत्येक जोडाक्षर हातानं लिहिल्यासारखं काढायला हवं. हे काम टाळलं की 'द्ध'च्या जागी पाय मोडलेला 'द' आणि शेजारी 'ध' असं दिसतं, आणि सगळी नजाकत त्या एका हलंताच्या खुणेत अडकते. त्यात मराठीची स्वतःची अक्षरं आहेत. 'ळ' तर आहेच, शिवाय आपला 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. चांगल्या फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली की ही रूपं बदलतात. 'वऱ्हाड'मधला अर्धा 'र' आपण जसा लिहितो तसा फॉन्टमध्ये नसला, तर लग्नाच्या पत्रिकेत वऱ्हाडाचीच पंचाईत. आणि 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, म्हणून जुन्या फॉन्टमध्ये त्याजागी रिकामा चौकोन किंवा दुसऱ्याच फॉन्टमधलं जाड अक्षर येतं. मुलाचे वडील ॲडव्होकेट असतील तर हे हमखास दिसतं.

मोफत मिळणाऱ्यांत इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कलम' हा हस्ताक्षरी फॉन्ट देवनागरी आणि रोमन दोन्हींसाठी आहे, हलक्या, साध्या आणि जाड अशा तीन वजनांत. तो केसासारखा नाजूक नाही, स्केचपेननं लिहिल्यासारखा आहे. पण त्याची जोडाक्षरं नीट काढलेली आहेत आणि तो चार-पाच ओळींचा मजकूर पेलतो. 'अमिता' हा दुसरा, जास्त नटवा. खरोखर नाजूक, टोकदार निबेचं, पूर्ण जोडाक्षरांसह असलेलं मराठी अक्षर शोधायला गेलं तर निवड अजून तोकडी आहे. म्हणूनच महत्त्वाच्या कामाला मी फॉन्ट बाजूला ठेवून सुलेखनकाराकडून दोन नावं लिहून घेते. दोन नावांसाठी फॉन्टच हवा असा काही नियम नाही. त्या दोन शब्दांत प्रत्येक मात्रा त्याच नावासाठी वळलेली असते, आणि ती पत्रिका दुसऱ्या कुणाच्या पत्रिकेसारखी दिसत नाही.

कागदावर उतरताना

छापखान्यातल्या गोष्टी थोड्या रुक्ष आहेत, पण पत्रिका तिथंच बिघडते.

एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, साधारण ०.३५ मिलिमीटर. रेघ पाव पॉइंटापेक्षा बारीक झाली की ऑफसेट छपाईतही ती कुठं उमटेल, कुठं तुटेल याची खात्री राहत नाही. स्क्रीन प्रिंटिंगला आणि सोनेरी फॉइलला त्याहून जाड रेघ लागते. फॉइल गरम ठशानं चिकटवतात. बारीक रेघेवर ती एकतर धरत नाही, नाहीतर शेजारच्या पोकळीत भरून जाते आणि 'ळ'ची दोन वेटोळी दोन सोनेरी ठिपके होतात. खडबडीत हातकागदावर तर आणखी सावध राहायला हवं.

रंगाची चूक याहून जास्त होते. बारीक अक्षर चार रंगांच्या मिश्रणातून छापायला दिलं तर प्रत्येक रंगाची एक अशा चारही प्लेट एकमेकींवर तंतोतंत बसाव्या लागतात. केसाएवढ्या रेघेला केसाएवढा सरकलेला रंगही झेपत नाही आणि अक्षराभोवती गुलाबी-निळी सावली येते. नाजूक अक्षर एकाच शाईत छापावं, काळ्या किंवा खास मिसळून घेतलेल्या एका रंगात. गडद मरून पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर हवं असेल तर एक वजन जाड घ्यावं, कारण शाई कडेनं पसरते आणि पांढरी रेघ खाऊन टाकते.

मांडणी करताना अक्षरांमधलं अंतर वाढवू नये. रोमनमध्ये शेपट्यांचे सांधे तुटतात, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे होतात. वेबपानांवरही हे दिसतं. रोमन मथळ्याला छान दिसतं म्हणून अंतर वाढवलेलं असतं आणि त्याच नियमानं मराठी मथळ्याची रेष ठिकठिकाणी फाटते. रोमन हस्ताक्षरी फॉन्टमध्ये सगळा शब्द मोठ्या लिपीत लिहू नये. त्यातली प्रत्येक मोठी अक्षराकृती शब्दाच्या सुरुवातीसाठी वेटोळ्यानं काढलेली असते. सगळी शेजारी आली की वेटोळ्यांचं जाळं होतं. आणि बोल्डचं बटण दाबू नये. फॉन्टमध्ये जाड वजन नसेल तर संगणक रेघेला सगळीकडून सारखी सूज आणतो. जाड-बारीकचा तोल जातो तो तिथंच.

मराठीत ओळींमधलं अंतर मात्र मोकळं सोडावं. वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात. त्यात फॉन्टनं वेलांटीला लांब फेटा बांधलेला असेल तर वरच्या ओळीचा उकार त्यात अडकतो.

मोबाइलवर नाजूक अक्षर वेगळ्या कारणानं कमी पडतं. उन्हात पडदा पाहणाऱ्याला फिकट राखाडी केसरेघ दिसत नाही. आणि आणखी एक गोष्ट, जी फॉन्टची वाटते पण फॉन्टची नाही. काही जण समाजमाध्यमांवर आपलं इंग्रजी नाव वेलबुट्टीच्या अक्षरात लिहितात. ती अक्षरं युनिकोडमधली गणिताची चिन्हं असतात, सूत्रांत वापरण्यासाठी ठेवलेली. अंध व्यक्ती पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतात, ते अशा नावावर अडखळतं. कधी प्रत्येक अक्षराचं गणिती नाव वाचतं, कधी गप्पच बसतं. नावाचा शोध घेतला तरी ते सापडेलच असं नाही. देवनागरीला अशी चिन्हं नाहीत, आणि त्याबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही.

फॉन्ट उतरवून घेताना परवाना वाचावा. बरेच नाजूक फॉन्ट 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' असतात. घरच्या बारशाचं कार्ड त्यात बसतं, दुकानाची पाटी किंवा विकायच्या मालाचं लेबल बसत नाही. वेबसाइटवर वापरायला अनेकदा वेगळा परवाना लागतो. ओपन फॉन्ट लायसन्सखाली आलेले फॉन्ट, जसा 'कलम', धंद्यातही वापरता येतात. फक्त फॉन्टची फाइल तेवढी स्वतंत्रपणे विकता येत नाही.

मग वापरावा कुठं? जिथं शब्द थोडे आहेत आणि वाचणाऱ्याला ते आधीच अर्धे माहीत आहेत तिथं. नावं, 'शुभविवाह', 'सप्रेम निमंत्रण', मिठाईच्या खोक्यावर एक शब्द, प्रमाणपत्रावर विजेत्याचं नाव. या शब्दांचं काम माहिती देण्याचं नसतं, भाव पोचवण्याचं असतं. तारीख, वेळ, पत्ता, फोन नंबर, औषधाचा डोस, किंमत, यातलं काहीही नाजूक अक्षरात नको. त्यासाठी सरळ, मजबूत अंगाचा फॉन्ट घ्यावा आणि दोघांच्या आकारात ठळक फरक ठेवावा. नाव छत्तीस पॉइंटात आणि तपशील अकरा-बारा पॉइंटात असला की नाजूक अक्षराला नाजूक राहायची मुभा मिळते. दोन वेगवेगळे हस्ताक्षरी फॉन्ट एका पानावर कधीच आणू नयेत. दोन माणसं एकाच वेळी बोलल्यासारखं होतं.

नवा मराठी फॉन्ट पारखायला माझ्याकडे काही ठरलेले शब्द आहेत. आधी 'वाङ्निश्चय', कारण त्यात 'ङ' अर्धा येतो आणि अनेक फॉन्ट तिथंच हार मानतात. मग 'वऱ्हाडी', 'चि. सौ. कां.', 'श्रद्धा', 'ज्ञानदा', 'ऋतुजा', 'विद्युल्लता', 'ॲड.', 'मंगळवार', 'लग्नघटिका'. त्यानंतर 'घ ध', 'भ म', 'थ य' शेजारीशेजारी. आणि आता सगळ्यात शेवटी ११, १९, ९१, ९९. हे सगळं पडद्यावर न बघता, ज्या कागदावर पत्रिका निघायची त्याच कागदावर, खऱ्या आकारात छापून.

मग तो कागद आत्याकडे जातो. आत्या चष्मा न लावता, स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली तो वाचते आणि अडली की तिथं बोट ठेवते. तिच्या बोटाखालचं अक्षर मी बदलते.